पावसाच्या उलट वाटेने

येत्या सुट्टीत तळी, डोंगर आणि समुद्र असं सगळं एकाच फेरीत पाहायचं ज्यांच्या मनात आहे आणि ज्यांचं घर नांदूरघाटला किंवा केज तालुक्यात आसपास कुठे आहे, त्यांच्यासाठी हे मनन. इतरांनी आपापल्या गावाचं नाव घालून वाचलं तरी चालेल. हे एका बैठकीत संपवायचं नाही. एक तुकडा वाचावा, थांबावं, चहा घ्यावा, घरात कोणाशी तरी बोलावं, मग पुढचा घ्यावा. बेत ठरायला आठ-पंधरा दिवस लागले तर लागू द्या.

सुरुवात गच्चीवरून करू. ऊन उतरलं की वर जा आणि मावळतीकडे तोंड करून बसा. मोबाइल खाली चार्जिंगला लावून या. उन्हाळ्यात या वेळेला वारा बहुधा मावळतीच्याच अंगाने सुटतो. माळावरच्या पवनचक्क्यांची तोंडं कुठे वळली आहेत ते पाहिलं की कळतं. तो वारा तोंडावर येऊ द्या. काही ठरवायचं नाही, कुठलं ठिकाण आठवायचं नाही. हा वारा इथे येण्याआधी कुठे होता, एवढंच मनात आणा.

येरमाळ्याच्या डोंगरावर होता. त्याआधी बार्शीच्या शिवारात. त्याआधी पंढरीच्या वाळवंटात, सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागांत, मिरजेपुढे कृष्णाकाठच्या उसात. त्याआधी राधानगरीच्या पाण्यावर, दाजीपूरच्या रानात. आणि त्याच्याही आधी मालवणच्या समुद्रावर. वारा असा आखीव रेघेवरून चालत नाही हे खरं, पण ढोबळमानाने त्याची वाट ही. नावं सावकाश म्हणा. प्रत्येक नावापाशी एक श्वास घ्या. ज्या क्रमाने ती तुम्ही म्हणता आहात, त्याच क्रमाने ती तुम्हाला रस्त्यात भेटणार आहेत.

जून लागला की ढगही याच वाटेने येतात. समुद्रावरची दमट हवा सह्याद्रीला अडते, वर चढते, चढता चढता थंड होते आणि बरंचसं पाणी तिथेच टाकून देते. आंबोलीला वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तीच हवा घाटमाथा ओलांडून पूर्वेकडे उतरली की तापते, कोरडी होते. सांगोला-मंगळवेढ्याच्या पट्ट्यात आकडा पाचशेच्या घरात येतो. आपल्या बीड जिल्ह्यात तो पुन्हा जरासा वाढून सहा-सातशेवर जातो. आपल्यापर्यंत पोचलेला ढग म्हणजे नदीवर पिळून दोरीवर टाकलेलं लुगडं. हाताला ओल लागते, धार लागत नाही. ते ज्या दगडावर पिळलं गेलं तो दगड पाहून यायचा, एवढा एकच हेतू या सहलीला पुरेसा आहे. मग तळं, डोंगर आणि समुद्र ही तीन वेगवेगळी ठिकाणं उरत नाहीत. समुद्रावरून जे निघालं ते डोंगराला अडलं आणि तळ्यात साठलं.

अर्थात हे अर्धंच. सप्टेंबरचा मोठा पाऊस आपल्याला पुष्कळदा उगवतीकडून मिळतो, बंगालच्या उपसागरात तयार झालेला कमी दाबाचा पट्टा जमिनीवरून इकडे सरकतो तेव्हा. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्याने तो पाहिला. उभं पीक गेलं, माती गेली, जनावरं गेली. आपलं पाणी निघून जातं तेही उगवतीलाच. पाटोद्याच्या डोंगरात उगम पावलेली मांजरा ७२४ किलोमीटर चालून तेलंगणात कंदकुर्तीला गोदावरीत मिसळते, सिंदफणा माजलगावच्या पुढे मिसळते. तुमच्या पन्हाळीतून पडलेला थेंब नशिबाने जमिनीत मुरला नाही तर बंगालच्या उपसागराला जातो. तुम्ही आहात ते दोन समुद्रांच्या मध्ये, दोन्हींपासून लांब. गच्चीवर बसलाच आहात तर एकदा उगवतीकडेही वळून बसा. आज इतकंच पुरे.

पुढच्या बैठकीला घरातलं पाणी डोळ्यांपुढे आणा. हंडा, बॅरल, सिमेंटची टाकी, जे असेल ते. ते कुठून आलं याचा माग काढा: नळ, बोअर, टँकर, विहीर. मग मांजरा धरणापर्यंत जा. धनेगावचं हे धरण आपल्याच तालुक्यात आहे. जिवंत साठा सुमारे १७७ दलघमी, आणि त्यावर लातूर शहरापासून केज, अंबाजोगाई, धारूर, कळंबपर्यंतची तहान. २०१६ च्या उन्हाळ्यात ते कोरडं पडलं. तळाच्या भेगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना वर्णन नको. त्या एप्रिलात लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, एकेकीत पन्नास हजार लिटरच्या आसपास पाणी. ते भरलं होतं मिरजेला, कृष्णेचं.

ती गाडी मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत लातूरला आली. हा जुन्या बार्शी लाइटचा मार्ग. १८९७ साली अरुंद रुळांची ही छोटी गाडी बार्शीला सुरू झाली, पुढे तिचे रूळ एका अंगाने १९११ साली लातूरला आणि दुसऱ्या अंगाने १९२७ साली मिरजेला पोचले. तेव्हा ती कापूस आणि वारकरी वाहून नेत होती. ढगांनी पाणी आणलं नाही त्या वर्षी रुळांनी आणलं, आणि आणलं ते ढगांच्याच वाटेने. बार्शीला फाटकात गाडी अडली आणि समोरून मालगाडी जाऊ लागली तर मुलांना डबे मोजू द्या. दहा डबे झाले की सांगा, एवढं पाणी. जास्त काही सांगू नका.

आता या मननातला सगळ्यात सावकाश वाचायचा भाग.

या वाटेने ढग आले, पाणी आलं. आपली माणसं मात्र उलट्या दिशेने गेली. दसरा-दिवाळी आटोपली की केज तालुक्यातून, साऱ्या बीड जिल्ह्यातूनच, टोळ्या ऊसतोडीला निघतात: सातारा, सांगली, कोल्हापूर, थेट कर्नाटकापर्यंत. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेऊन खर्चलेली असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि सगळा हिशोब त्या जोडीवर. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, पत्र्याची पेटी, एखादी शेळी आणि कोपऱ्यात पोरं. तिकडे गेल्यावर कारखान्याजवळ नाहीतर फडाच्या कडेला कोप्या पडतात. अंधार असतानाच तोड सुरू होते. पाचट काढायचं, मोळ्या बांधायच्या, फळीवरून ट्रकमध्ये चढवायच्या, वाढं बैलांना घालायचं किंवा विकायचं. मार्च-एप्रिलात पट्टा पडला की परत.

सहलीसाठी जो मुलूख आपण मोबाइलवर शोधतो आहोत, तिथे घरातलं कोणीतरी, निदान गल्लीतलं कोणीतरी, हंगामामागून हंगाम राहून आलेलं आहे. पंचगंगेत त्यांनी कपडे धुतले आहेत. भोगावतीकाठची थंडी कोपीत काढली आहे. त्या भोगावतीला ज्या धरणातून पाणी येतं ते राधानगरी तिथून तासाभराच्या रस्त्यावर. पण फड सोडून ते पाहायला कोण जाणार? एक दिवस खाडा झाला की तो उचलीवर चढतो.

त्या माणसाजवळ जाऊन बसा. आई असेल, चुलती असेल, शेजारचे अण्णा असतील. सहलीचं नाव पहिल्या वाक्यात काढू नका. तिथली माती पायाला कशी लागायची, पाणी कुठून भरत होतीस, पहाटे कुठला पक्षी ओरडायचा, धुकं किती वाजता उठायचं, असं विचारा. मग गप्प बसा. उत्तर लगेच येणार नाही. आलं तर बहुधा दुसऱ्याच गोष्टीबद्दल येईल: कुठल्या मालकाने ताक दिलं, कोणाचं लेकरू तापाने फणफणलं होतं, कोणत्या पुलाखाली पाऊस लागला. ते सगळं ऐकून घ्या. माझ्या मते या भागाची याहून चांगली माहितीपुस्तिका छापलेली नाही.

उत्तर नकाराचंही येईल. ‘त्या रस्त्यानं नको रे पुन्हा,’ असं म्हणतील. तर समजावायला जाऊ नका. आता आपण गाडी करून जाऊ, खोलीत झोपू, तू फक्त बसून राहा, असली वाक्यं बोलू नका. ज्या वाटेवर पाठ मोडली ती वाट एखाद्याला हौसेची वाटत नसेल तर त्यात गैर काही नाही. वाट बदलता येते.

बदलायची तर ती आपल्या पायाखालच्या डोंगराच्या मुळाकडे बदला. बालाघाट हा सह्याद्रीचाच फाटा. हरिश्चंद्रगडापाशी तो मूळ रांगेतून फुटतो आणि अहिल्यानगर जिल्हा ओलांडून आग्नेयेला आपल्याकडे उतरत येतो. दगड तोच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तेव्हा अहिल्यानगर, संगमनेर, अकोले करत भंडारदऱ्याला जा. प्रवरेवरचं ते धरण १९२६ साली पुरं झालं. वर १६४६ मीटरचं कळसूबाई, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, आणि प्रवरेचा उगम रतनगडाच्या अंगाला. तिचं पाणीही शेवटी गोदावरीलाच जातं, वाटेत जायकवाडीत थांबून. कसारा घाट उतरून पुढे डहाणू-केळव्याचा किनारा गाठता येतो. ही वाटही तळं-डोंगर-समुद्र अशीच आहे, फक्त तिच्यावर घरातल्या कोणाचा कोयता पडलेला नाही.

पण होकार आला असेल, तर त्यांना गाडीत पुढच्या सीटवर बसवा. मिरजेच्या पुढे रस्ता तेच सांगतील.

मधल्या प्रवासात पाहण्यासारखं काही नाही असं चालक म्हणेल आणि गाडी दामटेल. मंगळवेढ्याच्या पट्ट्यात त्याला जरा हळू घ्यायला सांगा. काळी सपाट रानं, पाऊस आपल्याहून कमी, आणि तरी मालदांडी ज्वारी अशी की तिला भौगोलिक मानांकन मिळालं. सह्याद्रीने अडवलेल्या पावसाचा सगळ्यात कमी वाटा ज्यांच्या पदरी येतो ती ही जमीन. इथून पुढे प्रत्येक तासाला हिरवं वाढत जाणार आहे. वाढण्याआधीचं हे डोळ्यांत भरून घेतलं तर पुढचं वाढणं दिसेल, नाहीतर नुसतं ‘कोकण आलं’ एवढंच कळेल. कोल्हापुरात मुक्काम करा. रंकाळा चांगला आहे, पण सुट्टीतल्या संध्याकाळी तिथे भेळ दिसते, पाणी दिसत नाही.

राधानगरीला सकाळी लवकर पोचा. हे धरण शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलं, आणि स्वातंत्र्यानंतर ते पुरं झालं. पाणी ठरावीक पातळीला चढलं की इथले दरवाजे आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. काठावर सावलीची जागा शोधून बसा. समोरचं पाणी पाहा, मग डोळे मिटून धनेगावचं पाहा. भरलेलं आठवा, २०१६ चं आठवा. पुन्हा डोळे उघडा. दोघांपैकी कोणतं खरं असा प्रश्न मनात येईल, येऊ द्या, सोडवू नका. शेजारी बसलेल्या आईला ही भोगावती आहे हे सांगायची गरज पडणार नाही. ती हात बुडवील, तोंडावर पाणी मारील, किंवा काहीच न करता पदराने वारा घेत बसेल. तिला तिथे हवा तितका वेळ द्या, पुढचा बेत कोलमडला तरी.

मेच्या अखेरीस आलात तर रात्री इथल्या रानात काजवे असतात. त्यांच्यासाठी हेडलाइट बंद करायचे, टॉर्च लावायची नाही, झाड हलवायचं नाही. वरचं दाजीपूरचं अभयारण्य गव्यांचं, १९५८ पासूनचं. गवा दिसला तर ठीक. न दिसला तर ‘पैसे वाया गेले’ असं मुलांसमोर म्हणू नका. नायगावच्या अभयारण्यात आपल्या मोरांनी तरी कुठे दरवेळी हजेरी लावली आहे.

मग फोंडा घाट. इथे सगळ्यांनी बोलणं थांबवायचं आहे. गाणी बंद, काचा खाली. आपलं बालाघाटाचं पठार समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंच आहे. नांदूरघाट सोडल्यापासून तुम्ही त्या उंचीच्या आसपासच होता. भीमेच्या खोऱ्यात थोडं खाली आलात इतकंच. जन्मभर ज्या उंचीवर राहिलात ती आता एका घाटात, काही वळणांत, उतरायची आहे. कानात दडे बसतील, थुंकी गिळा. हवा बदलेल, आधी कोमट, मग ओलसर, मग अंगाला चिकटणारी. काळी माती मागे राहील आणि रस्त्याच्या कडेला जांभा दिसू लागेल, लाल, भोकाभोकांचा. घरांच्या भिंती त्याच्या, कुंपणं त्याची, विहिरीही त्यातच खोदलेल्या. धाब्याची आणि पत्र्याची घरं जाऊन उतरत्या कौलांची घरं येतील. छपराला उतार किती दिला आहे यावरून पाऊस किती पडतो ते वाचता येतं. पुढे मालवणच्या बाजूला तर आपल्या काळ्या दगडाचा थरच संपतो आणि त्याच्याहून पुष्कळ जुना खडक वर येतो.

समुद्रावर लगेच जाऊ नका. पोरं ओरडतील, तरी आधी धामापूरला थांबा. मालवण तालुक्यातलं हे तळं १५३० सालचं. दोन टेकड्यांच्या मधली जागा मातीचा बांध घालून अडवलेली, काठावर भगवतीचं देऊळ. चारशे नव्वद वर्षांनी, २०२० मध्ये, जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत त्याचं नाव गेलं. पायऱ्यांवर बसा. जिथे एवढा पाऊस पडतो तिथे कोणाला तळं बांधायची गरज का पडली असेल? हा प्रश्न मुलांना द्या आणि उत्तर त्यांच्याकडूनच येऊ द्या. उतार तीव्र, जांभा सच्छिद्र, समुद्र जवळ. चार महिने कोसळलेलं पाणी थांबत नाही. मे महिन्यात कोकणातही हंडे रांगेत असतात. हे पाहून आपल्याकडच्या माणसाला आधी बरं वाटतं, मग बरं वाटल्याचं ओशाळं वाटतं. दोन्ही वाटू द्या.

आणि मग समुद्र.

मे महिन्यात तारकर्लीला गाड्यांची रांग लागते. भोगवे किंवा निवतीचा किनारा धरा, गर्दी कमी. पहिल्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही, असं घरून निघतानाच ठरवा. पहिला दिवस बसण्याचा. एका ओहोटीपासून पुढच्या भरतीपर्यंत सहा तासांहून थोडा जास्त वेळ जातो, तेवढं पाणी वर चढताना पाहायचं. वाळूत काठी रोवा आणि ती कधी ओली होते पाहा. मुलांना यात पाण्यात डुंबण्याइतकीच मजा येते, मोठ्यांचा मात्र तासाभरात धीर सुटतो.

भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. तिथी घ्या, तिला पाऊणपट करा; येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. एकादशी असेल तर अकराचे पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळ-संध्याकाळ आठ-सव्वाआठच्या सुमारास पाणी पुरतं वर. मालवणाकडे ती थोडी अलीकडे येईल. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते, चंद्र सरकतो तशी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. ज्या घरात एकादशी पाळतात, माळ घातलेली आहे, भिंतीवर कॅलेंडर आहे, त्या घराला समुद्राचं घड्याळ आधीपासूनच ठाऊक आहे, फक्त ते समुद्राचं आहे हे माहीत नव्हतं. तरी पाण्यात पाय घालण्याआधी किनाऱ्यावरच्या माणसाला विचाराच. ओहोटी लागली की मुलांना बाहेर काढा. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे पाण्याला ओढ फार असते. तलावात-विहिरीत पोहणाऱ्याचा भरवसा तिथे चालत नाही.

क्षितिज पाहा. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला ते पाचेक किलोमीटरवर दिसतं. आपल्याकडे बालाघाटाच्या एखाद्या कड्यावरून याच्या कितीतरी पट लांबचं दिसतं, गावांच्या पाण्याच्या टाक्या आणि देवळांचे कळस मोजता येतात. मग इथेच एवढं मोकळं का वाटतं? अर्धा तास यावर बसा. मला वाटतं, इथे नजरेला अडकायला कोणाची हद्द नाही, बांध नाही, सातबारा नाही. पण हे माझं उत्तर झालं. तुमचं वेगळं येईल.

दुपारी एकदा, सगळे जेवून लवंडले की, एकट्याने किनाऱ्यावर या. मेमध्ये अरबी समुद्राचा वरचा थर एकोणतीस-तीस अंशांपर्यंत तापलेला असतो. पाण्याकडे पाहा. काहीही उठताना दिसत नाही, वाफ नाही, धूर नाही. तरी जूनमध्ये नांदूरघाटच्या आभाळात जे येणार, त्यातलं काही या घटकेला इथून उठतं आहे. ते दिसत नाही म्हणून पाहणं सोडू नका. आपल्याकडे पेरणीआधी जो माणूस आभाळाकडे पाहत बसतो, तो जे शोधत असतो त्याची ही पहिली जागा. वारा समुद्राकडून जमिनीकडे असेल. पाठीवर नाही, तोंडावर घ्या. गच्चीवर घेतलात तसाच.

व्यवहाराचं आता भराभर. दिवाळीची सुट्टी ऊसतोडीच्या घराला उपयोगाची नाही, तेव्हाच टोळी निघायची असते. पट्टा पडल्यावर आणि मृगाच्या आत, म्हणजे एप्रिलच्या अखेरीपासून मे संपेपर्यंतचा काळ आपला. मे सरता सरता समुद्रातल्या होड्या आणि पाण्यावरचे खेळ बंद होतात, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीही बंद. राहायला मोठं हॉटेल नको; निवास-न्याहारीच्या घरांत राहा, तिथली बाई सकाळी घावणे घालताना जे बोलते ते मोलाचं. घरात कोणी मासे खात नसेल तर आधीच सांगून ठेवा, कोणी वाईट मानत नाही. भाकरीचं पीठ सोबत घ्या. तिकडे तांदूळ, आणि चौथ्या दिवशी आजी ज्वारी मागणारच. किती ठिकाणं पाहायची? जितक्या ठिकाणी पुरी एक दुपार बसता येईल तितकीच. बाकीची खोडून टाका, मग ती कितीही प्रसिद्ध असोत. सिंधुदुर्ग किल्ला खोडताना हात अडखळेल, तो ठेवा.

परतताना आंबोलीने चढा. सावंतवाडीहून तीसेक किलोमीटर. मे महिन्यात धबधबे कोरडे असतात आणि लोक म्हणतात, आत्ता काय आहे तिथे. तो पिळण्याचा दगड आत्ताच तर उघडा दिसतो: काळे कातळ, शेवाळाचे वाळलेले पट्टे, पाणी कुठून कुठे पडत असेल त्याच्या खुणा. संध्याकाळी खालून ढग चढून आला तर गाडी कडेला घ्या. गावाजवळ गुहेतून हिरण्यकेशी निघते. तिच्या कुंडातला एक छोटा मासा २०२० मध्ये विज्ञानाला नवी जात म्हणून ठाऊक झाला आणि पुढच्या वर्षी ती जागा जैविक वारसा स्थळ झाली. पाण्यात साबण, निर्माल्य काही टाकू नका. अरबी समुद्र इथून इतका जवळ, आणि तरी ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवून आजऱ्याकडे, घटप्रभेकडे, कृष्णेकडे जाते. तुम्हीही त्याच दिशेला निघाला आहात. आजऱ्यापर्यंत ती रस्त्याच्या आसपास असेल, कधी दिसेल, कधी नाही.

तेव्हा आता तारखा ठरवा, तिथी पाहून. गाडीवाल्याला सांगून ठेवा. आणि म्हैस कोणाकडे सोडायची ते आजच विचारून घ्या. दुभतं जनावर अनोळखी हाताला दूध देत नाही. ज्यांच्याकडे सोडायची त्यांच्या पोराला आधीचे आठ दिवस धारेच्या वेळी गोठ्यात येऊन बसायला सांगा, सरकी-पेंड त्याच्याच हाताने घाला. दूध त्यांनीच ठेवावं, हेही आधीच बोलून घ्या.